सोनकांबळे सिस्टरचं ‘न्हाई’

ही गोष्ट मी आजवर असंख्य वेळा सांगितली आहे, पण निम्मीच. उरलेली निम्मी सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. टाळणं अवघडही नव्हतं. पहिल्या निम्म्यातच लोक इतके हसायचे की पुढचं कुणी विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात विचारलं. नांदेडच्या एका हॉटेलात डॉक्टरांचं चर्चासत्र होतं. हल्ली आम्हा डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवायची तर अशा सत्रांना बसून गुण गोळा करावे लागतात. मी आता पेशंट तपासत नाही, पण नोंदणी सोडवत नाही, म्हणून जातो. मोठमोठे वक्ते भराभर चित्रं दाखवतात, शेवटी “काही शंका?” म्हणतात, कुणालाच शंका नसते, आणि सगळे जेवायला उठतात. त्या दिवशी जेवताना मी नेहमीप्रमाणे सोनकांबळे सिस्टरची गोष्ट सांगितली. टेबल हसलं. एक तरुण डॉक्टरीण मात्र हातातला पापड तसाच धरून म्हणाली, “सर, मग त्या बाईंचं पुढं काय झालं?”

मी म्हणालो, “काही नाही, रिटायर झाल्या.” आणि गुलाबजाम आणायला उठलो. मला मधुमेह आहे, हे त्या टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तर आता सगळी सांगतो.

“समजलं का?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. शाळेत, लग्नाच्या बैठकीत, बँकेत, दवाखान्यात, कुठंही विचारा. समोरचा मान हलवून “हो” म्हणतो. विचारणाऱ्यालाही तेच हवं असतं. यमुनाबाई सोनकांबळे सिस्टर “न्हाई” म्हणायच्या. प्रत्येक वेळी. आधी मान वळवून मागं बघायच्या, एसटी आली का ते बघावं तसं. मग पदर नीट करायच्या. मग पुढं वळून, अजिबात न लाजता, खणखणीत आवाजात: “न्हाई समजलं, सर. सोपं करून सांगा.”

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कलेक्टर आले होते, जीप आली होती, कपाटं यायची होती. आमच्या कार्यालयाच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगानं झाकून त्यावर नवं लिहिलं होतं. ऊन तापलं की खालचं नाव पुन्हा वर डोकवायचं. गावोगावच्या नर्सबायांना नवीन लस, नवीन औषध, नवीन पद्धत शिकवण्यासाठी आळीपाळीनं बोलवायचं आणि त्यांची उजळणी घ्यायची, हे काम माझ्याकडं आलं. कारण मी सगळ्यांत तरुण डॉक्टर होतो आणि नाही म्हणायची मला सवय नव्हती.

शिकवायला जागा नव्हती. तिथं दुष्काळ कामाला आला. पाण्याअभावी लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती, त्यामुळं औसा रोडवरचं एक मंगल कार्यालय ओस पडलं होतं. मालकानं ते स्वस्तात दिलं. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या, त्या हलवायच्या नाहीत एवढी अट होती. त्यामुळं कुटुंबनियोजनावर बोलणारा वक्ता नवऱ्याच्या खुर्चीत बसून, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बोलायचा. पाणी टँकरचं. प्रत्येकीनं आपला फिरकीचा तांब्या भरून आणायचा, असं आम्ही बोलावण्याच्या पत्रातच लिहायचो.

सोनकांबळे सिस्टर अहमदपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर होत्या. मूळच्या हिमायतनगरकडच्या. उंच, काटक, पांढरं पातळ इतकं कडक खळ दिलेलं की बसताना त्याचा आवाज यायचा. पहिल्या रांगेतली मधली लोखंडी खुर्ची त्यांची, लग्नात मुलीचा मामा बसतो ती. आधी रुमालानं खुर्ची पुसायच्या, मग तांब्या उजव्या पायाशी ठेवायच्या, आणि वक्त्याकडं अशा बघायच्या की तो पाणी मागायचा.

एकदा लसींच्या शीतपेटीबद्दल सांगायला एक तंत्रज्ञ आला होता. झाकण उगाच उघडू नका, आतला गारवा बाहेर जातो, समजलं का?

“न्हाई. गारवा बाहेर जातो म्हणता. मंग खोली गार कामून होत न्हाई?”

तंत्रज्ञानं सांगितलं. पुन्हा “न्हाई.” त्यानं फळ्यावर खोली काढली, पेटी काढली, बाण काढले. बाण इतके झाले की खोली दिसेना. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “बाई, तुम्ही फक्त झाकण उघडू नका.”

“न्हाई उघडत. पर समजलं न्हाई, एवढं ध्यानात असू द्या.”

दुसऱ्या एका वक्त्यानं कंटाळा घालवायला विनोद सांगितला. सगळा हॉल हसला. त्यानं खुशीत विचारलं, “समजला का?” सिस्टरनी मागं बघितलं, पदर नीट केला. त्या बिचाऱ्यानं तो विनोद तीनदा सांगितला. नवरा कोण, डॉक्टर कोण, गोळी कुणी खाल्ली, सगळं उलगडून. तिसऱ्या वेळेला तो सगळ्यांना समजला आणि कुणीच हसलं नाही.

त्यांना खरोखरच बऱ्याच गोष्टी समजत नसत, हेही सांगायला हवं. सेल्सिअस त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. “ताप एकच हाय, मंग आकडे दोन कामून?” हा प्रश्न त्यांनी प्रत्येक उजळणीत नव्यानं विचारला. आमचा शिपाई हणमंत चहा देताना मुद्दाम म्हणायचा, “सिस्टर, आज साखर जास्त टाकलीय. समजलं का?”

“हाव. हे समजलं.”

बाकीच्या बाया वैतागायच्या, कारण वर्ग लांबला की शेवटची गाडी चुकायची. एकीनं तर हातच जोडले, “यमुनाक्का, आज तरी हाव म्हण गं. पोरगं एकटं हाय घरी.”

“तुला समजलंय ना? मंग तू जा. मी कुठं धरून ठेवलंय? मला समजलं न्हाई, तर उगं हाव कामून म्हणू?”

‘उगं हाव कामून म्हणू’ हे त्यांचं पालुपद होतं. हणमंत त्यांची नक्कल करायचा. मीही करायचो, त्याच्यापेक्षा चांगली.

एका दुपारी चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. नांदेडला सहा महिन्यांचा एक कोर्स असे. तो केला की नर्सची आरोग्य सहाय्यिका होते; मग तिनं इतर नर्सबायांवर देखरेख करायची, त्यांना शिकवायचं. आमच्या नव्या जिल्ह्याला त्यात एक जागा मिळाली होती आणि नाव मी सुचवायचं होतं.

“सर, माझं नाव हाय का?”

“आहे की. सगळ्यांत जुन्या तुम्हीच.”

“आई हिमायतनगरला एकली हाय. नांदेडहून आयतवारी जाता येईल.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आन् मला शिकवायचं हाय, सर. मी पोरींना समजलं का म्हणून इचारणारच न्हाई. काय न्हाई समजलं, ते इचारीन.”

मी हसून म्हणालो, “जागा तुमचीच, सिस्टर. पक्कं.”

त्यानंतरच्या उजळणीला वरचे एक साहेब तपासणीला आले. गावोगाव टँकरचं साठवलेलं पाणी, त्यामुळं जुलाब-ओकारीची साथ. पोरांच्या अंगातलं पाणी आटतं, तर घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करून पाजायचं, हा विषय होता. साहेब नवरदेवाच्या खुर्चीत बसले. मी उभा राहून, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, झकास बोललो. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ, मूठभर साखर.

“समजलं का?”

“न्हाई. मूठ कुणाची?”

हॉल हसण्यानं फुटला. मी म्हणालो, “कुणाचीही, सिस्टर. मूठ म्हणजे मूठ.”

“तसं कसं? हणमंताची मूठ आन् माझी मूठ एक हाय का?”

साहेबांना गंमत वाटली. ते म्हणाले, बघूच. हणमंतानं चहाच्या साखरेचा डबा आणला आणि कागद अंथरले. एकेकीनं मूठ भरून साखर ओतली. हणमंतानं ओतली तेव्हा डबा निम्मा झाला. साहेबांनी अंगठ्या सांभाळत मूठ भरली. ती औशाकडच्या एका किरकोळ पोरीच्या मुठीपेक्षाही लहान निघाली. कुणीतरी मागून खुसखुसलं.

“मंग सर, यातली कोणती सांगू गावात?”

“सरासरी सांगा,” मी घाम पुसत म्हणालो.

“सरासरी मूठ कुणाची हाय?”

साहेबही हसले, पण हाताला चिकटलेली साखर झटकत. आणि त्या दिवशी सगळ्यांना चहा बिनसाखरेचा मिळाला, साहेबांनासुद्धा.

मी सांगतो ती गोष्ट इथं संपते. इथं टेबल हसतं.

तो बिनसाखरेचा चहा साहेबांना मी वधूपक्षाच्या खोलीत दिला. हणमंत किटली घेऊन उभा होता. एक घोट घेऊन साहेब म्हणाले, “ही बाई कोण हो? हिचंच नाव तुम्ही नांदेडच्या कोर्सला सुचवलंय ना?”

मला बरंच काही सांगता आलं असतं. बाई चांगल्या आहेत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं; साहेब काही वाईट माणूस नव्हते. पण माझे कान अजून त्या हसण्यानं गरम होते. मी म्हणालो, “साहेब, तिला काही समजत नाही. मी कशाला सांगू? ती स्वतःच सांगते ना दर वेळी.”

साहेब खळखळून हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. त्यांना हसवलं याचं मला बरं वाटलं, हे आठवतं. ते म्हणाले, “मग दुसरं कुणी द्या.” मी औशाच्या त्या किरकोळ पोरीचं, शकुंतलाचं नाव दिलं, कारण तेवढंच चटकन तोंडात आलं. हणमंतानं माझ्यासमोरचा कप उचलला. त्यात अजून निम्मा चहा होता.

पुढच्या उजळणीला सोनकांबळे सिस्टर वेळेवर आल्या. खुर्ची पुसली, तांब्या ठेवला. कोर्सची निवड तोवर सगळ्यांना कळली होती. त्यांना बाकीचं कळलं होतं का, आणि कुणाकडून, ते मी विचारलं नाही. गरोदर बाईच्या तपासणीवर मी बोललो. शेवटी विचारलं, “समजलं का?” आणि सवयीनं थांबलो. सगळा हॉल थांबला.

त्यांनी मागं बघितलं नाही. पदराला हात लावला नाही.

“हाव, सर,” त्या म्हणाल्या.

वर्ग वेळेआधी सुटला. बाया लगबगीनं स्टँडकडं निघाल्या. कुणीतरी म्हणालंही, आज बरं झालं. मी कागद आवरत होतो. हणमंत किटली हलवून म्हणाला, “सर, आज चहा उरला.”

त्यानंतर त्या प्रत्येक वेळी “हाव” म्हणाल्या. माझे वर्ग जिल्ह्यात नावाजले गेले. वेळेवर सुरू, वेळेवर बंद.

कोर्स संपवून शकुंतला पेढे घेऊन माझ्याकडं आली. मी अभिनंदन केलं. ती उभीच राहिली. म्हणाली, “सर, ही जागा अक्काची होती.”

मी म्हणालो, “त्यांना समजायला जरा जड जातं गं.”

“सर, त्या आमच्यासाठी न्हाई म्हणायच्या. सगळ्या वेळी न्हाई, कधी त्यांनाबी समजायचं न्हाई. पर मागं वळून आधी आम्हाला बघायच्या. मला समजलं न्हाई की मी पेन तोंडात धरते. पेन तोंडात दिसला की अक्का न्हाई म्हणायच्या. मला भर हॉलात इचारायची हिंमत झाली नसती, सर. मूठ कुणाची, हे माझ्याच मनात होतं.”

मी तोवर समजत होतो की त्या मागं वळून आपल्याला किती हसतात ते बघतात.

“एकदा मी त्यांना इचारलं, अक्का, तुम्हाला लाज वाटत न्हाई का? तर म्हणाल्या, एकदा लाजले होते.” आणि मग शकुंतलानं मला विहिरीचं सांगितलं.

त्या आधीचा मोठा दुष्काळ. सिस्टरची पहिली नेमणूक. विहिरीत टाकायच्या जंतुनाशक पावडरीचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्यानं विचारलं, समजलं का? सगळ्या हो म्हणाल्या, म्हणून याही म्हणाल्या. माप समजलं नव्हतं. गावात पाणी धरून असलेली एकच विहीर होती. पावडर जास्त पडली. पाणी तोंडात घेववेना, रांधलेलं अन्न खाववेना. विहीर पुन्हा वापरात येईपर्यंत बायांना शिवार ओलांडून पाणी आणावं लागलं. झालं होतं एवढंच, आणि एवढं कुणाच्याही हातून झालं असतं. पण सोनकांबळे सिस्टर बौद्ध घरातल्या. गावानं पावडरीचं नावसुद्धा काढलं नाही. हिचा हात लागला म्हणून पाणी नासलं, असं गाव म्हणालं. माप चुकलं, हे त्या दारोदार सांगत फिरल्या, तर कुणी ऐकून घेईना.

“तवापासून अक्का उगं हाव म्हणत न्हाईत,” शकुंतला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं असावं. “म्हणत नव्हत्या,” ती म्हणाली आणि पेढे टेबलावर ठेवून गेली.

दुरुस्ती करता आली असती. पुढच्या वर्षी पुन्हा एक जागा येणार होती. मी ठरवलंही होतं. पण त्याआधी माझी बढती झाली आणि मी बदलून गेलो. वेळेवर सुटणाऱ्या वर्गांचा त्या बढतीत वाटा होता. निरोप समारंभ त्याच मंगल कार्यालयात झाला. मला नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं. मी भाषणात मुठीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. पहिल्या रांगेत सिस्टर बसल्या होत्या; त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग फार वर्षांनी, आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर, अहमदपूरच्या स्टँडवर त्या भेटल्या. मी ओळखलं ते पायाशी ठेवलेल्या फिरकीच्या तांब्यावरून. पातळ आता रंगीत होतं, पण कडक.

“सर ना?” त्याच म्हणाल्या.

शेवटपर्यंत नर्स म्हणूनच राहिल्या होत्या. आई केव्हाच गेली होती. हिमायतनगरच्या घरात आता एकट्याच. जुन्या उपकेंद्राच्या गावी एका पोरीच्या लग्नाला आल्या होत्या, त्यांच्याच हातावर जन्मलेल्या. आता नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं निघाल्या होत्या.

“नवा पोरगा हाय, सर. लई भराभरा बोलतो. मी म्हणलं, न्हाई समजलं. चारदा सांगायला लावलं. दमला बिचारा.” आणि त्या हसल्या.

मला हायसं वाटलं. वाटलं, हीच वेळ आहे. मी खाकरलो आणि बोलायला लागलो. “सिस्टर, त्या काळात कार्यालयात काही परिस्थितीच अशी होती की तुमच्या बाबतीत जो निर्णय व्हायला हवा होता तो, म्हणजे, वरिष्ठांच्या पातळीवरून, आणि माझ्याकडूनही एका अर्थी जी भूमिका घेतली जायला हवी होती...” असं बराच वेळ. सगळी आयुष्यभराची सरकारी भाषा माझ्या तोंडून वाहत होती आणि मला थांबवता येत नव्हती.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मान वळवून मागं बघितलं. मागं भिंत होती, तिच्यावर गाड्यांचं वेळापत्रक. कुणी नव्हतं. त्यांनी पदर नीट केला.

“न्हाई समजलं, सर. सोपं करून सांगा.”

त्यांना समजलं होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. नांदेडची गाडी लागली. लोक धावले. सोपं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, “काही नाही, सिस्टर. डोळ्यांना जपा.”

त्या गेल्याचं नंतर शकुंतलानं कळवलं.

पापड हातात धरून बसलेल्या त्या मुलीला मी गुलाबजाम आणायला न उठता हे सांगायला हवं होतं. आणि त्या दिवशी स्टँडवर, एवढंच: सिस्टर, तुम्हाला काही समजत नाही असं मी साहेबांना सांगितलं, म्हणून तुमची जागा गेली. ते खोटं होतं. मला माफ करा.